डावा पाय कुठंय?

चढाच्या मध्यावर इंजिन जिवाच्या आकांताने ओरडायला लागलं आणि गाडी मात्र जागची हलेना, तेव्हा चष्मेवाल्याला गाडीची काळजी वाटली नाही. त्याला मेहुण्याचा चेहरा दिसला. गिअरबॉक्स तिसऱ्यांदा गेला होता. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून आपापलं मत सांगितलं. त्याने ब्रेक सोडत सोडत गाडी उताराने मागे नेली, कडेला लावली आणि शेजारी बसलेल्या बायकोकडे पाहिलं. बायको त्याच्या पायांकडे पाहत होती.

"डावा पाय कुठंय?" तिने विचारलं.

"कोपऱ्यात. रोज असतो तिथंच."

"नाही, आपलं विचारलं. दादा विचारेल म्हणून."

दादा म्हणजे तिचे थोरले भाऊ, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दुरुस्त करणारे. त्यांना सगळे डॉक्टर म्हणत आणि हे नाव लोकांनी ठेवलं असं दादा सांगत. त्यांच्या गळ्यात कायम एक स्टेथोस्कोप असे. छातीला लावायच्या चकतीऐवजी त्याला एक लांब लोखंडी सळी होती, ती ते गाडीच्या पोटाला टेकवत, डोळे मिटत आणि हळूहळू मान हलवत. हाच स्टेथोस्कोप घालून ते बहिणीकडे जेवायला येत आणि बसल्या बसल्या फ्रिजलाही सळी लावून बघत. फ्रिज आजारी आहे असं त्यांचं मत होतं. तो गेली कित्येक वर्षं त्यांच्या मताविरुद्ध चालत होता.

चष्मेवाल्याचा डावा गुडघा लहानपणापासून वाकत नव्हता. क्लच दाबायचा तर गुडघा लागतो, म्हणून ही जुनी ऑटोमॅटिक गाडी. बसची पायरी त्याला चढता येत नसे आणि त्याचं चष्म्यांचं दुकान घरापासून पार दुसऱ्या टोकाला. या गाडीत बसलं की तो चारचौघांसारखा होई. मनात आलं की निघावं, वाटेत थांबावंसं वाटलं तर थांबावं, उशीर झाला तर कुणाला कळवू नये. बाकीच्यांना या गोष्टी इतक्या फुकट मिळतात की त्यांची त्यांना किंमत नसते. त्याला त्या गाडीमुळे मिळाल्या होत्या, आणि ती गाडी दर काही महिन्यांनी दादांच्या टेबलावर आतडी काढून पडत होती.

गिअरबॉक्स पहिल्यांदा गेला तेव्हा दादा म्हणाले, गाडीचं वय झालं. तोपर्यंत सगळं ठीक होतं. दुसऱ्यांदा गेला तेव्हा मात्र पंचाईत झाली, कारण या खेपेला आतलं सगळं दादांनी स्वतःच्या हाताने नवं घातलं होतं. आता एक तर दादांचा हात चुकला असणार, नाही तर दुसऱ्या कुणाचा तरी पाय. दादांचा हात चुकणं शक्यच नव्हतं. दादांनी गाडीला सळी लावली, डोळे मिटले, मान हलवली आणि डोळे उघडले ते थेट चष्मेवाल्याच्या डाव्या पायावर.

"तुम्हाला कळत नसेल जावईबापू," दादा हळुवारपणे म्हणाले, "पण तो पाय ब्रेकवर विसावतो. तुम्ही इकडे अ‍ॅक्सिलरेटर दाबताय, तिकडे तो ब्रेक दाबतोय. इंजिनाची ताकद जाणार कुठं? आतल्या चकत्या घासतात, तेल जळतं. तुमचा दोष नाही. पायच तसा आहे."

हा पाय आपणहून विसावूही शकत नाही, तो जिथं ठेवावा तिथं राहतो, हे चष्मेवाल्याने सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. त्या दिवसापासून बायको रोज सकाळी दुकानापर्यंत त्याच्यासोबत यायला लागली. नावाला तिला पुढे बाजारात जायचं असे. बसायची मात्र मान खाली घालून, पायांवर नजर ठेवून, आणि प्रत्येक सिग्नलला तोच प्रश्न. संध्याकाळी गाडी दारात लागली की किल्लीही तीच काढून पर्समध्ये टाकायची. माणसाला घरात राहून पहारेकरी मिळतो तो असा.

दुसऱ्या कुणाला गाडी दाखवावी, तर ते अशक्य. बहिणीच्या गाडीला परका हात लागला असता तर दादांनी त्या घरचं पाणी सोडलं असतं. वडील लवकर गेले, दादांनी बहिणीला वाढवलं, शिकवलं, तिचं लग्न करून दिलं, आणि यातलं काहीही ते कुणाला विसरू देत नसत. त्यातून ते घरचं काम म्हणून दुरुस्ती फुकट करत. फुकट काम करणाऱ्याला काही विचारायची सोय नसते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त इथे मारणारा वर कौतुकाची अपेक्षाही ठेवून होता.

तर तिसऱ्यांदा गाडी ओढून गॅरेजात आणली आणि दादांनी निकाल दिला. "हा शेवटचा. या वेळी मी असा गिअरबॉक्स बांधतो की बघत राहाल. पंधरवड्याने तपासणीला आणा. तपासणीत जर परत जळका वास आला, तर किल्ली माझ्याकडे. गाडी भंगारात. काळजी करू नका, मी रोज पोचवीन आणि आणीन तुम्हाला. मला काही जड नाही."

बायको म्हणाली, "दादा म्हणतोय ते तुमच्या भल्याचंच आहे."

गाडी दुरुस्त होईपर्यंत दादांनी हे भलं चष्मेवाल्याला चाखायलाही दिलं. रोज सकाळी गॅरेजचा टेम्पो दारात यायचा, दादांच्या सोयीने, म्हणजे कधी आंघोळीआधी तर कधी दुकान उघडायची वेळ टळून गेल्यावर. वाटेत दादा गिअरबॉक्सविषयी बोलत. दुकानाशी पोचल्यावर ते चष्मेवाल्याला दंडाला धरून उतरवत, जे त्याला कधीच लागत नव्हतं, आणि मग आत येऊन गिऱ्हाइकांना सांगत, "आमच्या जावईबापूंनी तिसरा गिअरबॉक्स खाल्ला बरं का." गिऱ्हाइकं हसत. चष्मेवाला काचा पुसत राही. संध्याकाळी दादांना उशीर झाला की तो शटर अर्धं ओढून स्टुलावर पार्सलासारखा बसे. उरलेलं आयुष्य असंच जाणार, या विचाराने त्याला रडू यायचं बाकी होतं.

अशाच एका दिवशी दुकानात एक म्हातारे शिक्षक आले. दोन दुकानांत डोळे तपासून ते तिसऱ्यात, म्हणजे इथे आले होते, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा नंबर निघाला म्हणून चिडले होते. चष्मेवाल्याने त्यांचे डोळे पाहिले. लाल, पाणावलेले. "गुरुजी," तो म्हणाला, "आज मी नंबर काढत नाही. सकाळपासून तपासून तपासूनच डोळे दमलेत. आता जो नंबर येईल तो तुमचा नसेल, तपासणीचा असेल. उद्या या."

गुरुजी गेले आणि चष्मेवाला पुसत असलेली काच हातात धरून तसाच उभा राहिला.

तपासणी. गाडी पहिल्यांदा दुरुस्त झाली, छान चालत होती, मग दादांनी तपासणीला बोलावली आणि थोड्याच दिवसांत चकत्या घसरायला लागल्या. दुसऱ्यांदाही तसंच. तपासणीला दादा काय करतात ते त्याने डोळ्यांपुढे आणून पाहिलं. दादा गाडीत बसतात. बाकावरची गिऱ्हाइकं, शेजारचा रंगारी, समोरचा टायरवाला, सगळे जमतात. दादा गिअर टाकतात, एका पायाने ब्रेक गच्च दाबतात, दुसऱ्याने अ‍ॅक्सिलरेटर. इंजिन गर्जतं, गाडी जागच्या जागी थरथरते. ही खरीखुरी तपासणी आहे, गिअरबॉक्सचा जोर कळतो त्याने. पण जोर कळायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात दादांचं भाषण संपत नाही. दादा खिडकीतून मान बाहेर काढून जमलेल्यांना समजावून सांगतात, आतलं तेल कसं फिरतं, चकत्या कशा धरतात, आपल्याला हे कळायला किती वर्षं लागली. एखाद्याने प्रश्न विचारला की भाषण नव्याने सुरू होतं. दोन्ही पाय तिथेच. शेवटी जळका वास येतो, आणि दादा नाक वर करून म्हणतात, "आला का वास? हाच तो पुरावा. हे जावईबापूंचे प्रताप."

चष्मेवाल्याने काच खाली ठेवली. चोराच्या उलट्या बोंबा हे त्याने ऐकलं होतं, पण इथे चोराला आपण चोर असल्याचा पत्ताच नव्हता.

हे सांगायचं कसं? दादांना तोंडावर सांगितलं तर दादा ऐकणार नाहीत. बायकोला सांगितलं तर ती आठ दिवस रडेल आणि मग दादांनाच विचारेल. त्याने मूग गिळले. गाडी हातात आली. पंधरवडाभर त्याने ती भरलेली घागर न्यावी तशी चालवली. बायको बाजूला होतीच. तपासणीच्या दिवशी सकाळी त्याने बॉनेट उघडलं, गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी ओढली आणि चष्मे पुसायच्या पांढऱ्या फडक्यावर टेकवली. फडक्यावर लाल, स्वच्छ डाग उमटला. त्याने वास घेतला. जळकं काहीही नव्हतं. फडकं घडी करून खिशात ठेवलं.

गॅरेजात बाक भरलेला होता. रंगारी ब्रश धुता धुता आला होता, टायरवाला आला होता. दादांनी हात पुसले, स्टेथोस्कोप सारखा केला आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

"दादा, एक विनंती होती," चष्मेवाला म्हणाला. "आमच्या धंद्यात बिघडलेला डोळा बघायच्या आधी आम्ही चांगला डोळा बघतो. म्हणजे फरक कळतो. तुमच्या स्वतःच्या गाडीइतकी निरोगी गाडी या गॅरेजात दुसरी नाही. आधी तिच्यावर तपासणी दाखवलीत, तर माझ्या गाडीत काय बिघडलंय ते या सगळ्यांनाही कळेल. आणि मलाही."

दादांची गाडी याच जातीची, फक्त जास्त लाडाची. ती कोपऱ्यात सावलीत उभी असे, तिच्यावर कापड असे. गिअरबॉक्स दादांनी आठ वर्षांपूर्वी बांधला होता आणि त्याला एकदाही हात लावावा लागला नव्हता. एकदाही तपासणी झाली नव्हती, हे चष्मेवाल्याने हिशेबात धरलं होतं. दादांना मात्र हरभऱ्याचं झाड दिसलं आणि ते चढले.

"बघा, शिकायची इच्छा आहे माणसाला," दादा बाकाला म्हणाले आणि कापड काढलं.

चष्मेवाल्याने आधी तेलाची पट्टी ओढून फडक्याच्या दुसऱ्या टोकावर टेकवली आणि फडकं सगळ्यांना दाखवलं. लाल. "असं असतं निरोगी तेल," दादा म्हणाले. मग ते गाडीत बसले. ब्रेक दाबला. अ‍ॅक्सिलरेटर दाबला. इंजिन गर्जलं, गाडी थरथरली, दादांनी खिडकीतून मान बाहेर काढली आणि भाषण सुरू झालं.

आता चष्मेवाल्याविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी. त्याला थांबता आलं असतं. भाषण सुरू झाल्यावर थोड्या वेळाने दादा आपणहून थांबतच होते. पायही सैलावला होता. तेवढ्यात चष्मेवाला खिडकीशी गेला आणि अगदी लीन चेहऱ्याने म्हणाला, "दादा, ते तेल आत फिरतं कसं, ते परत एकदा सांगता का? माझ्यासारख्याला चटकन कळत नाही."

दादांनी परत सांगितलं. मग चष्मेवाल्याने चकत्यांविषयी विचारलं. मग त्याने विचारलं की हे सगळं तुम्हाला कुणी शिकवलं. हा प्रश्न तर दादांचा जीव की प्राण होता. कुणीही शिकवलं नव्हतं. दादांनी वडील गेल्यापासून सुरुवात केली. इंजिन गर्जत राहिलं. प्रत्येक प्रश्नागणिक चष्मेवाल्याला इतका आनंद होत होता की त्याची त्यालाच थोडी लाज वाटली. थोडीच.

आधी रंगाऱ्याने नाक मुरडलं. मग टायरवाल्याने. दादा बहिणीच्या लग्नापर्यंत आले होते तेव्हा बॉनेटच्या फटीतून एक बारीक धुराची रेघ वर आली. सगळं गॅरेज जळक्या वासाने भरलं. दादांनी सवयीने नाक वर केलं, "आला का वा..." म्हणाले आणि मध्येच थांबले.

 इंजिन अजून गर्जत होतं.

चष्मेवाल्याची बायको आतापर्यंत मागे उभी होती. ती पुढे आली, दादांच्या दाराशी वाकली आणि तिने खिडकीतून खाली पाहिलं. रोज सकाळी बघायची तशीच, मान खाली घालून.

"दादा," ती म्हणाली, "डावा पाय कुठंय?"

दादांनी खाली पाहिलं. दादांचा डावा पाय ब्रेकवर होता. धडधाकट, वाकणारा, ब्रेक पार तळापर्यंत दाबून बसलेला. बाकावरून कुणीतरी खोकल्यासारखं हसलं आणि मग ते हसू बाकभर पसरलं. दादांनी दोन्ही पाय उचलले आणि इंजिन बंद केलं. चष्मेवाल्याने पट्टी ओढून फडक्यावर टेकवली. लाल डागाशेजारी आता काळपट तपकिरी डाग होता. फडकं त्याने दादांपुढे धरलं. दादा फडक्याकडे बघत राहिले. एवढा मोठा पुरावा या माणसाला आजवर कुणी दाखवला नव्हता.

"जावईबापू," दादा शेवटी म्हणाले, "ही गाडी तुम्ही मधे कधी चालवायला घेतली होती का?"

रंगारी ब्रश टाकून बाहेर पळाला, हसायला. चष्मेवाल्याने फडक्याची घडी घातली. दादांना उत्तर द्यायची गरज उरली नव्हती. आणि द्यावं तर ते दादांना कळलंही नसतं. त्याने आपल्या गाडीचं दार उघडलं. बायको दादांपाशी क्षणभर घुटमळली, "नीट जा घरी" असं म्हणाली आणि येऊन त्याच्या शेजारी बसली. तपासणी न होता गाडी गॅरेजबाहेर पडली. ही पहिलीच वेळ.

गाडी लोण्यासारखी चालली होती. चढ आला, गेला. गाडीने हूं की चूं केलं नाही. चष्मेवाल्याला मोठ्याने गावंसं वाटत होतं. बायको खिडकीबाहेर बघत होती, पायांकडे नव्हे. सिग्नलला गाडी थांबली. तिने काही विचारलं नाही.

"दादाला तो शेवटचा प्रश्न मुद्दाम विचारलात ना?" थोड्या वेळाने ती म्हणाली.

"हो."

"आणि त्याच्या आधीचे?"

"तेही."

ती हसली. तिलाही हसू आलं याचं त्याला इतकं बरं वाटलं की तो नको ते बोलून गेला. "तुला खरंच वाटत होतं का गं, की माझाच पाय चुकतोय?"

तिने मांडीवरची पर्स सारखी केली. गाडी दोन चौक पुढे गेली.

"नाही," ती म्हणाली. "मी रोज बघत होते ना. तुमचा पाय एकदाही हलला नाही. दुसऱ्या खेपेलाच मला कळलं होतं, चूक तुमची नाही."

चष्मेवाल्याने गाडी हळू केली. एवढे महिने. रोजचा तो प्रश्न, गिऱ्हाइकांसमोर झालेलं हसं, टेम्पोतून दंडाला धरून उतरणं. "मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर दादा खोटा ठरला असता."

"आणि मी खोटा ठरत होतो तेव्हा?"

"तुम्ही काय," ती म्हणाली, अगदी साधेपणाने, त्यात काही वावगं आहे असं तिला वाटलंच नव्हतं. "तुम्ही घरचे."

त्याने गाडीला परत वेग दिला. दादांचा राग आता त्याला आठवूनही येईना. दादांना निदान माहीत तरी नव्हतं. गाडी दारात लागली. दुसऱ्या खेपेपासून रोज व्हायचं तसं बायकोने किल्ली काढली, पर्समध्ये टाकली आणि पर्सची चेन ओढली. ती उतरून दोन पावलं चालली, मग तिने मागे वळून बघितलं. चष्मेवाला उतरला नव्हता. डावा पाय कोपऱ्यात तसाच लांब होता, आणि उजवा हात खिडकीतून बाहेर, तळवा वर करून.

तिने त्या हाताकडे बराच वेळ पाहिलं. मग पर्सची चेन उघडली.